चौथ्या कोपऱ्यातली फट

मित्रांनो, आधी माझं नाव सांगतो, म्हणजे तुम्ही एकदाचे हसून घ्याल. मला गुण्या म्हणतात. गल्लीच्या टोकावरून खोडकर पोराला हाक मारावी तसं हे नाव, पण मी आहे एक हत्यार. एक आखूड, जाड दांडी आणि तिच्यात बसवलेलं पोलादी पातं, एवढंच माझं अंग. दोन्ही मिळून काटकोन होतो. एखाद्या पट्टीचा किंवा फळीचा कोपरा सरळ आहे की नाही हे बघायचं असलं की माणसं मला तिथे टेकवतात आणि उजेडाकडे धरतात. माझ्या कडेखालून उजेड झिरपला तर कोपरा चुकला. नाही झिरपला तर बरोबर. मी जे सांगतो त्यावर कुणी वाद घालत नाही, आणि माझ्या आयुष्यातली सगळी काळजी तिथूनच सुरू झाली.

माझा जन्म हत्यारांच्या कारखान्यात झाला. पातं दांडीच्या फटीत बसवून तीन रिबिटा ठोकल्या, घासलं, पुसलं आणि मला तपासनिसाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. जाड भिंगाचा चष्मा घातलेला तो माणूस प्रत्येक गुण्या एका काळ्या दगडी ठोकळ्याला टेकवायचा आणि मागे दिवा धरायचा. माझ्या आधीच्या दोघांच्या कडेखालून केसाएवढा उजेड दिसला. त्याने त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. भंगाराच्या पेटीत दोन आवाज झाले. मग माझी पाळी आली. मी पास झालो, पण ते दोन आवाज माझ्या अंगात कायमचे राहिले.

मला विकत घेतलं ते फ्रेमताईंनी. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या आणि त्यांना अजून फ्रेमताई कुणी म्हणत नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात फ्रेमा जोडायचं काम शिकून त्या नुकत्याच स्वतंत्र झाल्या होत्या. रस्त्याला लागून एक खोली, पुढे काउंटर, मागे खिडकीखाली लांब टेबल. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं, कारण रंगवलेल्या ॲल्युमिनियमला नुसत्या लाकडाचाही ओरखडा उठतो. खिडकीशेजारच्या खिळ्यावर माझी जागा. तिथून मला सगळं दिसायचं.

धातूची फ्रेम जोडणं पाहणाऱ्याला सोपं वाटतं. चार पट्ट्या, चार कोपरे, मूठभर स्क्रू. पण ताईंचं काम बघताना मी सुद्धा श्वास रोखून धरत असे, म्हणजे मला श्वास असता तर. पट्टी करवतीच्या मशीनवर तिरकी कापायची. कापलेल्या टोकाला बारीक काटे उठतात, ते कानशीने एकाच दिशेने घासून काढायचे. मागेपुढे घासलं की कडेचा रंग उडालाच म्हणून समजा. पट्टीच्या पाठीला एक खाच असते. तिच्यात एल आकाराचा लोखंडी तुकडा सरकवायचा, त्याला ताई ‘कोना’ म्हणत. कोन्यावरचा स्क्रू एकदम आवळायचा नाही. कोपरा चिमटीत धरायचा, एक स्क्रू थोडा फिरवायचा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. असे तीन कोपरे झाले की चौकटीची एक बाजू उघडी राहते. तिथून काच, चित्र आणि पुठ्ठा आत सरकवायचा आणि शेवटी चौथी पट्टी लावून चौकट मिटवायची. काचेआड एखादा केस राहिलेला दिसला, तर ताई तोंडातून अवाक्षर न काढता सगळं पुन्हा उघडत.

एकदा एका गिऱ्हाइकाने कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ही जोडली आहे की ओतली आहे हो?”

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. “त्याला विचारा. तो हो म्हटल्याशिवाय मी काहीच बाहेर जाऊ देत नाही.”

मित्रांनो, असं कौतुक झालं की पोलादसुद्धा फुगतं. सव्वीस वर्षं मी त्या खिळ्यावर असा फुगून बसलो होतो.

ताईंचा मोठा भाऊ लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. त्याच्या मुली शिकायला बाहेर पडल्या आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्याची बायको दुकानात मदतीला येऊ लागली. ताई त्यांना वहिनी म्हणत आणि त्या ताईंना वन्सं. वयाने वहिनी पाच वर्षांनी धाकट्या, पण नात्याने मोठ्या. त्यामुळे मान कुणी कुणाला द्यायचा याचा निकाल न लागल्याने दोघीही एकमेकींना ‘अहो-जाहो’ करत. वहिनींचं तोंड सतत चालू आणि हातही. गिऱ्हाईक त्या बघत, काचा त्या पुसत.

एका सोमवारी मोठी काच त्यांच्या हातून निसटली. खोलीभर चुरा झाला. ताई त्या वेळी दुसऱ्याच कशाने तरी वैतागलेल्या होत्या. त्या पटकन बोलून गेल्या, “लक्ष कुठे असतं हो तुमचं, वहिनी? तुमची मदत म्हणजे दुप्पट काम!”

वहिनींनी खाली बसून चुरा भरला. त्या दिवशी दुकानात दिवसभर रेडिओ तेवढा बोलत होता.

आणि बुधवारी मी पडलो.

ताई नवीन पट्ट्या आणायला गेल्या होत्या. वहिनी भिंतीवरची धूळ झटकत होत्या. फडक्याचं टोक माझ्या पात्यात अडकलं आणि मी खिळ्यावरून सुटलो. खाली करवतीच्या मशीनचा लोखंडी पाय होता. माझ्या पात्याचं टोक बरोबर त्याच्यावर आपटलं. ठण्ण करून आवाज झाला, पण मला ऐकू आला तो दुसराच, आतला आवाज. माझ्या रिबिटांपाशी काहीतरी सरकलं. फार नाही. जाड कागदाएवढं. माणसाचं मनगट मुरगळावं तसं.

वहिनींनी मला उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. ना पोचा, ना ओरखडा. त्यांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “काही झालेलं नाही,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मला पुसून खिळ्यावर टांगलं.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की झालंय, खूप काही झालंय. पण गुण्याला तोंड नसतं. त्याला नुसती कड असते.

त्याच दुपारी फोटोवाले काका आले. पंच्याहत्तरीचे, वाकलेले, पण नजर घारीची. आयुष्यभर त्यांनी लोकांचे ओळखपत्राचे आणि लग्नाचे फोटो काढले होते. मधल्या फावल्या वेळात त्यांनी काम करणारी माणसं टिपली होती. चांभार, नर्स, वीजतारा जोडणारे, शाळेची घंटा वाजवणारा शिपाई. आता त्यातल्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरणार होतं. बारीक काळ्या पट्टीच्या चाळीस फ्रेमा हव्या होत्या, आणि हातात वीस दिवस.

“तुझ्याशिवाय कुणाकडे देणार नाही,” काका म्हणाले. “आयुष्यात एकदाच भिंतीवर लागतोय. सरळ लागू दे.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी मशीन लावायला घेतलं. नवीन पट्टी आली की त्या आधी दोन छोटे तुकडे तिरके कापायच्या, ते एकमेकांना भिडवायच्या आणि मला त्या कोपऱ्यात टेकवायच्या. उजेड दिसला की मशीनचा स्क्रू जरासा फिरवून पुन्हा कापायचं. त्या दिवशी पहिल्याच तुकड्यांखालून उजेड दिसला. का दिसणार नाही? तुकडे बरोबर होते, चुकलो होतो मी. ताईंनी स्क्रू फिरवला. पुन्हा कापलं. पुन्हा टेकवलं. तिसऱ्या वेळी उजेड दिसेनासा झाला. “झालं,” म्हणून त्यांनी मला टांगलं आणि त्या मशीनवर बत्तीस पट्ट्या कापल्या. आठ फ्रेमांच्या. एकेका पट्टीबरोबर माझा जीव खाली खाली जात होता.

चूक लगेच दिसली असती तर बरं झालं असतं. पहिला कोपरा घट्ट बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. प्रत्येक कोपरा केसभर जास्त उघडा होता, पण एकट्याकडे पाहून ते कुणालाच कळलं नसतं. फोटो आत गेला, पुठ्ठा गेला, चौथी पट्टी लागली, आणि तिन्ही कोपऱ्यांची चूक गोळा होऊन चौथ्यात आली. बाहेरच्या टोकाला फट. नखाची कड आत जाईल एवढी.

ताईंनी स्क्रू सैल करून पुन्हा आवळले. फट तशीच. त्यांनी पट्ट्यांची लांबी मोजली. बरोबर होती. दुसरी फ्रेम जोडली, तिलाही फट. मशीनचं पातं बदललं. पट्ट्याच वाकड्या आल्या की काय म्हणून एकेक तपासली. मशीनची बैठक तपासली. आणि मित्रांनो, हे सगळं त्यांनी तपासलं ते मला घेऊन! दर वेळी मी सांगितलं, सगळं ठीक आहे. सव्वीस वर्षांत मी खोटं बोललो नव्हतो. त्या आठवड्यात दिवसाला दहा वेळा बोललो.

संशयातून मशीन सुटलं, पट्टी सुटली, पातं सुटलं. मग ताईंना एकच कारण उरलं. त्यांचे हात.

हातांवरच संशय यायला एक कारण होतं, ते मला त्यांच्या एकटीच्या बोलण्यातून कळलं. त्यांच्या आईचे हात याच वयात बिघडले होते. आधी सुईत दोरा जाईना. मग कप बशीवर वाजू लागला. पुढे आई कुणासमोर जेवायची बंद झाली. ताई आता काम थांबवून मध्येच आपली बोटं उजेडात धरायच्या आणि बघत बसायच्या. स्क्रू आवळताना त्या दुसऱ्या हाताने मनगट पकडू लागल्या. हात थरथरत नव्हते, पण भीतीने धरलेला हात आखडतो, आणि एकदा पेचकस खरोखरच घसरला. काळ्या पट्टीवर पांढरा ओरखडा उठला. ताई त्या ओरखड्याकडे अशा पाहत राहिल्या, जसं काही कुणी त्यांना वाईट बातमीचं पत्रच पाठवलंय.

आठ फ्रेमांचे चौथे कोपरे त्यांनी हाताने कानस मारून कसेबसे मिटवले. एकेकाला अख्खी दुपार गेली. काका बघायला आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख एका कोपऱ्यावरून ओढलं. नख अडकलं. दुसऱ्या फ्रेमवरून ओढलं, तिथेही अडकलं.

काका रागावले असते तर परवडलं असतं. ते मायेने म्हणाले, “असू दे गं. हात थकतात. माझा कॅमेरासुद्धा आता स्टँडवर ठेवावा लागतो.”

ताईंनी ती फ्रेम काकांसमोरून उचलून घेतली. “काका, उरलेल्या बत्तीस दुसरीकडे द्या. मी नाव सांगते. तो तरुण आहे, चांगलं करतो. मी हे काम आता बंद करणार आहे.”

“बंद?” काउंटरमागून वहिनी जवळजवळ किंचाळल्या. काकाही गोंधळले. “घाई नको,” एवढंच ते म्हणाले. “मी शुक्रवारी येतो. तेव्हाही असंच वाटलं तर बघू.”

मी खिळ्यावर लटकत होतो. भंगाराच्या पेटीतले ते दोन आवाज मला पुन्हा आठवत होते. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला पेटी चालली असती. कुणीतरी मला उचलावं, चुकलेला म्हणावं आणि फेकून द्यावं, पण या बाईंना त्यांचे हात परत द्यावेत, असं मला वाटत होतं. आणि हे वाटताना मी भ्यायलोही होतो. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जरा लवकर आल्या. दार लोटलेलं होतं. आत ताई टेबलापाशी उभ्या होत्या. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला त्यांनी हात लांब करून धरला होता, आणि त्यांची नजर पाण्यावर खिळली होती.

“वन्सं? काय करताय हे?”

“बघतेय.” ताईंनी हात खाली घेतला नाही. “आईचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही पाहिलं नाही, तुम्ही नंतर आलात. आधी बारीक कामं चुकायला लागतात. माणसाला स्वतःला कळत नाही, इतरांना दिसतं.”

वहिनी जवळ आल्या. वाकून त्यांनी पेल्याकडे पाहिलं. “पाणी हलत नाहीये, वन्सं.”

“हलतंय.”

“नाही हलत. आरसा ठेवल्यासारखं आहे. माझ्या हातात असता तर एव्हाना फरशी धुऊन निघाली असती.”

ताई हसल्या नाहीत. पेला खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या. वहिनींनी फडकं उचललं, घडी केली, मोडली, पुन्हा केली. त्यांची नजर माझ्याकडे आली आणि तिथेच अडकली.

“एक सांगायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे राहिलं नाही. मी सांगितलं नाही. त्या बुधवारी तो गुण्या माझ्या हातून पडला. मशीनच्या पायावर. मी बघितला, काही झालेलं दिसलं नाही. काचेचं प्रकरण ताजं होतं, म्हटलं आता आणखी कशाला. याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही हो. काल तुम्ही ‘बंद’ म्हणालात आणि रात्रभर तोच आवाज कानात वाजत राहिला.”

ताई उठल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. टेबलावर सरळ कडेचा पुठ्ठा ठेवला. माझी दांडी त्याच्या कडेला टेकवून पात्यालगत पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. मग मला उलटं केलं, दांडी त्याच कडेला टेकवली, रेघेच्या पायथ्याशी पातं आणलं आणि दुसरी रेघ ओढली. गुण्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच पडते. ही परीक्षा ताईंना ठाऊक नव्हती असं नाही. सव्वीस वर्षांत ती घ्यावी असं त्यांना वाटलं नव्हतं, इतकंच. स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला त्यांना दोन दिवस लागले. माझ्यावर त्यांनी घेतलाच नव्हता.

दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकत गेल्या होत्या. टोकाशी मध्ये तांदळाचा दाणा आडवा मावला असता.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. ताई त्या रेघांकडे पाहत राहिल्या. आधी त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरताना मला दिसलं. मग राग आला.

“दोन आठवडे!” त्या म्हणाल्या. “दोन आठवडे मी जेवताना चमच्याकडे बघतेय. दादाला फोन करून रडले मी. आणि तू एवढंसं सांगितलं नाहीस?”

वहिनी रडू लागल्या. पण रडता रडता म्हणाल्या, “सांगितलं असतं तर ओरडला नसतात?”

ताईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, “ओरडले असते. सोमवारसारखीच ओरडले असते.” मग नाक पुसून म्हणाल्या, “चहा टाक. आणि येताना छोटी हातोडी घेऊन ये.”

वहिनी जाता जाता दारात थांबल्या. इतक्या वर्षांत ताईंनी त्यांना पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं, ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं.

हातोडी हा शब्द ऐकून माझं काय झालं असेल याची कल्पना करा. ताईंनी मला लोखंडी ठोकळ्यावर आडवं ठेवलं आणि पात्यावर हलकेच ठोका दिला. पुन्हा रेघा ओढल्या. फट कमी झाली होती. पुन्हा ठोका, पुन्हा रेघा. एकदा जास्त लागला आणि मी दुसऱ्या बाजूला कललो. दुखलं म्हणू नये, पण दुखलं. सातव्या खेपेला वहिनी पुठ्ठ्यावर वाकून म्हणाल्या, “अहो, दुसरी रेघ ओढलीत कुठे?” ओढली होती. ती पहिलीवर पडली होती. मग ताईंनी तिन्ही रिबिटा ठोकून घट्ट केल्या, मशीनचा स्क्रू माझ्या नव्या साक्षीने लावला आणि एक फ्रेम कापून जोडली. चौथा कोपरा मिटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

शुक्रवारी काका आले तेव्हा टेबलावर अकरा फ्रेमा उभ्या होत्या. त्यांनी नख ओढलं. एकावरून, दुसऱ्यावरून, सगळ्यांवरून.

“काय गं, हात परत आले वाटतं?”

“हात कुठे गेले नव्हते, काका,” ताई म्हणाल्या.

पहिल्या आठही फ्रेमांच्या पट्ट्या त्यांनी नव्याने कापल्या. चाळीसच्या चाळीस वेळेत पोचल्या. प्रदर्शन कसं झालं ते मला माहीत नाही, मी खिळ्यावरच होतो. वहिनी मात्र आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होत्या की नर्सच्या फोटोपुढे एक म्हातारी नर्स येऊन अर्धा तास उभी राहिली आणि तो फोटो तिचाच होता.

आता दर सोमवारी दुकान उघडलं की पहिलं काम माझी परीक्षा. ते वहिनींनी स्वतःकडे घेतलं आहे. आज सोमवार आहे. त्या पेन्सिलीला टोक काढत आहेत, आणि इतक्या वेळा पास होऊनही मला भंगाराच्या पेटीतले ते दोन आवाज आठवत आहेत. त्या येईपर्यंत तुमच्याशी दोन शब्द बोलून घेतो. मित्रांनो, मला कधी पाडू नका असं मी म्हणणार नाही. हातातून वस्तू पडतात. पण पडली तर सांगा, काही झालेलं दिसत नसलं तरी सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगायला आलं, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, ओरडायचं ते नंतर ओरडा. आमच्यासारख्या जुन्या, भरवशाच्या वस्तूंना अधूनमधून उलटं करून बघत जा. आम्हाला त्याचा राग येत नाही. उलट फार मोठं ओझं उतरतं.